ऑफिसमधल्या लोकांना येशूबद्दल सांगायचंय? मग सुरुवात अशी करा

चर्चमध्ये सारखं ऐकायला मिळतं की साक्ष द्या, सुवार्ता सांगा, आणि सोमवारी सकाळी डेस्कवर बसल्यावर माणूस विचार करतो की म्हणजे नक्की करायचं काय, बाजूच्याला हेडफोन काढायला लावून सुरू करायचं का? नव्याने विश्वासात आलेल्यांना तर हे जास्तच जाणवतं, कारण आतून सांगावंसं वाटत असतं, त्याच वेळी नोकरीही टिकवायची असते, आणि वर अशी भीती की आपण बोललो नाही तर आपला विश्वास कच्चा आहे की काय. तर अशा नवीन लोकांसाठी हे पायरी पायरीने लिहितोय.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. रस्त्यात कोणी पत्रक पुढे केलं तर माणूस नको म्हणून चालायला लागतो, सभेत बोअर झालं तर उठून जातो. कलीगला ती सोय नाही. त्याला उद्याही तुमच्याच बाजूला बसायचंय, तुमच्याच मेलला रिप्लाय द्यायचाय, आणि त्याचं घर त्या नोकरीवर चालतंय, त्यामुळे तुम्ही बोलत असताना तो मान हलवतोय म्हणजे त्याला ऐकायचंच आहे असं नाही, कदाचित तो फक्त संबंध बिघडू नयेत म्हणून ऐकतोय. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला हेच विचारायचं, की याला सहज ‘नको’ म्हणता येईल अशी जागा मी ठेवलीय का?

पायरी १: नियम बघा, आणि आपण कोण आहोत ते बघा

हे कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. कंपनीची पॉलिसी असते, देशाचे कायदे वेगवेगळे असतात, काही ठिकाणी धर्माबद्दल बोलायला मोकळीक असते आणि काही ठिकाणी फारच जपून राहावं लागतं, सरकारी नोकरी असेल, शाळा किंवा हॉस्पिटल असेल तर नियम अजून कडक असू शकतात. तुमच्याकडचे नियम नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १८ आहे, त्यात धर्म पाळायचं, तो व्यक्त करायचं आणि बदलायचंही स्वातंत्र्य म्हटलंय, पण ते जसं तुम्हाला आहे तसंच समोरच्यालाही आहे, म्हणजे त्याला त्याच्या धर्मात शांतपणे राहायचाही हक्क आहे.

आता ‘आपण कोण आहोत’ म्हणजे काय, तर तुम्ही बॉस आहात का ते. कोणाचं अप्रेझल, सुट्टी, शिफ्ट, प्रमोशन तुमच्या हातात असेल तर त्या माणसाशी विश्वासाचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका. मी या बाबतीत कडक आहे आणि काहींना ते पटत नाही, पण विचार करा, तुमच्या हाताखालचा माणूस तुमच्या प्रार्थनासभेला आला तर तो देवासाठी आला की रेटिंगसाठी, हे तुम्हाला कधी कळणार? त्यालाही नीट कळणार नाही. त्याने विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या, आणि पुढे बोलायचं असेल तर चर्चमधल्या दुसऱ्या कोणाशी गाठ घालून द्या. कस्टमर, पेशंट, विद्यार्थी यांच्याबाबतही तेच, जिथे समोरचा आपल्यावर अवलंबून आहे तिथे आपण मागे राहायचं.

आणि ऑफिसचा वेळ हा ऑफिसचाच. तासाला पगार घेऊन त्यातला अर्धा तास सुवार्तेला दिला तर ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली सेवा झाली. लंच, चहा, घरी जायची वाट, एवढे वेळ पुरतात.

पायरी २: काम नीट करा

येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात गेला तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्लाकडे राहून तंबू बनवायचं काम करत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि थेस्सलनीकाकरांना तो आठवण करून देतो की आम्ही कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस काम करून तुम्हाला सुवार्ता सांगितली (१ थेस्सलनीकाकरांस २:९). म्हणजे कामाच्या जागी साक्ष हा काही आजकालचा शोध नाही. दानीएलाचं तर अजून भारी, तो राजाच्या दरबारात मोठ्या पदावर होता, त्याच्यावर जळणाऱ्या कलीग्जनी त्याच्या कारभारात चूक शोधायचा जंगजंग प्रयत्न केला आणि काहीच सापडलं नाही, शेवटी त्याच्या देवभक्तीवरूनच त्याला अडकवावं लागलं (दानीएल ६).

आपल्याबाबतीत शोधायला बसले तर काय काय सापडेल ते आधी बघा. उशिरा येणं, खोटी बिलं लावणं, दुसऱ्याच्या कामाचं क्रेडिट घेणं, मीटिंगमध्ये गोड आणि पॅन्ट्रीमध्ये त्याच माणसाची निंदा, आजारपणाची सुट्टी टाकून चर्चच्या कन्व्हेन्शनला जाणं (हो, हे होतं, आणि कलीगला फोटो दिसतात). लोक बायबल वाचत नाहीत पण तुमचं टाइमशीट वाचतात. परफेक्ट असायची गरज नाही, कोणीच नसतं, पण चूक झाली की ‘माझ्याकडून झालं, सॉरी, मी नीट करतो’ असं चारचौघात म्हणणारा माणूस बहुतेक ऑफिसात इतका दुर्मिळ असतो की तेवढ्यानेच लोक लक्ष द्यायला लागतात.

एक मात्र सांगतो, ‘मी फक्त आयुष्यातून साक्ष देतो, तोंडाने बोलायची गरज नाही’ हे वाक्य मला फारसं पटत नाही. नुसतं चांगलं वागलात तर लोक म्हणतील तुम्ही चांगले आहात, बस. त्यांना येशूबद्दल कळायचं तर कधीतरी तोंड उघडावं लागणारच. फक्त कामाची बाजू लंगडी असेल तर ते तोंड उघडणं उलटं पडतं.

पायरी ३: ख्रिस्ती आहात हे कळू द्या, पण गाजावाजा नको

बरेच जण वर्षानुवर्षं लपवतात आणि मग एक दिवस अचानक धडाक्यात सांगायला जातात, समोरचा गोंधळतो. त्यापेक्षा सुरुवातीपासून सहज येऊ द्या. ‘वीकेंडला काय केलंस?’ असं विचारलं की बाकी गोष्टींसोबत ‘सकाळी चर्चला गेलो होतो, मग घरी झोप काढली’ एवढंच. अजून काही जोडू नका. प्रश्न आला तर बोला, नाही आला तर विषय पुढे गेला, काही बिघडलं नाही.

डेस्कवर छोटा क्रॉस किंवा वचन ठेवायचं असेल तर बाकीच्यांना त्यांच्या वस्तू ठेवायला जेवढी मुभा आहे तेवढ्यात ठेवा. मेलच्या सिग्नेचरमध्ये वचन आणि टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी वचनाचा फोटो, हे माझ्या मते बंद करावं. तो ग्रुप शिफ्ट आणि डेडलाइनसाठी आहे, तिथून बाहेर पडायची कोणाला सोय नाही, आणि रोज येणारी गोष्ट लोक न बघता वर सरकवतात, म्हणजे तुम्ही त्यांना वचन न वाचायची सवय लावताय. कंपनीच्या चॅटवरही लांबलचक लिहू नका, लिहिलेल्यात आवाजाचा सूर कळत नाही आणि स्क्रीनशॉट कुठेही जातो. घरून काम करणाऱ्यांनी तर विशेष लक्षात ठेवा, तिकडे सगळं बोलणं लिखाणातच होतं, त्यामुळे मनातलं काही बोलायचं असेल तर कामाचा वेळ संपल्यावर सरळ फोन करा.

पायरी ४: नावं घेऊन प्रार्थना

दोन-तीन कलीग निवडा, जास्त नको, आणि रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्यांच्या तारणासाठी तर कराच, पण त्यांच्या मुलाची परीक्षा, आईचं ऑपरेशन, होम लोन यासाठीही. पौल तुरुंगातून कलस्सैकरांना लिहितो की देवाने वचनासाठी दार उघडावं म्हणून आमच्यासाठी प्रार्थना करा (कलस्सै ४:३), म्हणजे दार उघडणं हे त्यालाही स्वतःच्या हातातलं वाटत नव्हतं. प्रार्थनेचा एक साइड इफेक्ट असा की ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करताय त्याच्यावर चिडून राहणं अवघड जातं.

पायरी ५: ऐकायला शिका

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नवीन माणसाला वाटतं की साक्ष म्हणजे बोलणं, म्हणून तो कलीग बोलत असताना आपल्या मुद्द्याला जागा कुठे मिळते ते शोधत बसतो. ते समोरच्याला लगेच कळतं.

येशू कसा बोलायचा ते बघा. शोमरोनी बाईशी त्याने सुरुवात केली ती प्यायला पाणी मागून (योहान ४). बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०:५१). आणि उलटं उदाहरण हवं असेल तर इयोबाचे मित्र. इयोबाचं सगळं गेलं तेव्हा ते आले आणि सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले. तोवर सगळं ठीक होतं! तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देवाने त्यांनाच फटकारलं.

तर कलीग म्हणाला की घरी फार टेन्शन आहे, तर पहिलं उत्तर वचन नसतं. पहिलं उत्तर ‘काय झालं?’ आणि मग गप्प बसणं. दुसरं उत्तर मदत, म्हणजे त्याची शिफ्ट घेणं, त्याचा रिपोर्ट पूर्ण करून देणं, हॉस्पिटलमध्ये जाऊन बसणं. तिसरं, वाटलं तर, ‘मी घरी प्रार्थना करतो तेव्हा तुझ्या आईसाठी केली तर चालेल का?’ हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याला नाही म्हणणं सोपं आहे आणि हो म्हटल्यावर त्याला काहीच करावं लागत नाही. बहुतेक लोक हो म्हणतात, देव मानत नसलेलेसुद्धा. मग खरंच करा, आणि चार-आठ दिवसांनी आठवणीने विचारा की आई कशी आहे. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात आणि मग पहिला भाग नुसता शिष्टाचार ठरतो.

लगेच तिथेच डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू करू नका. त्याने स्वतःहून म्हटलं तर बाजूला जाऊन दोन वाक्यांची करा, डोळे उघडे ठेवूनही चालते.

आणि अजून एक, चर्चमध्ये यावर कमी बोललं जातं. कलीगने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुमच्या प्रार्थना ग्रुपवर नावासकट टाकू नका. ‘आमच्या ऑफिसमधल्या अमुकच्या घटस्फोटासाठी प्रार्थना करा’ ही प्रार्थनाविनंती दिसते पण ती चुगली आहे, आणि जग छोटं असतं, त्या ग्रुपमध्ये त्याच्या ओळखीचं कोणीतरी निघतंच. नाव न घेता ‘एका मित्रासाठी’ म्हणा, देवाला कळतं कोण ते.

दुःखात असलेल्या माणसाला आश्वासनंही देऊ नका. ‘येशूवर विश्वास ठेव, नोकरी जाणार नाही’, ‘कॅन्सर बरा होईल’, हे सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही. देव बरं करू शकतो हा आपला विश्वास आहे, तो ठेवा, पण घाबरलेल्या माणसाशी त्याचा सौदा करू नका.

पायरी ६: स्वतःची साक्ष तयार ठेवा

पेत्राचं वचन सगळ्यांना पाठ असतं, तुमच्यातल्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा (१ पेत्र ३:१५). त्यात दोन गोष्टी सुटतात, एक म्हणजे तिथे कोणीतरी विचारतोय, आणि दुसरी म्हणजे लगेच पुढे सौम्यतेने आणि आदराने सांगा असंही म्हटलंय.

तयारी कशी करायची? पौलाने अग्रिप्पा राजासमोर दिलेली साक्ष काढा, प्रेषितांची कृत्ये २६. तिचे सरळ तीन भाग पडतात: आधी मी कसा होतो, येशू मला कसा भेटला, त्यानंतर काय बदललं. तुमची याच साच्यात कागदावर लिहा आणि मोठ्याने वाचून बघा, तीन मिनिटांत संपली पाहिजे. चहाचा ब्रेक केवढा असतो ते तुम्हाला माहितीये. (आणि पौलाची साक्ष ऐकून रोमी सुभेदार फेस्त ओरडून म्हणाला होता की तू वेडा आहेस, त्यामुळे तुमच्या साक्षीवर कोणी हसलं तर फार मनाला लावून घेऊ नका. पौलाने त्यालाही नीट अदबीने उत्तर दिलं.)

चर्चची भाषा काढून टाका. ‘मी रक्ताने धुतला गेलो’, ‘मला अभिषेक मिळाला’, ‘मी जगातून बाहेर आलो’, हे आपल्याला रोजचं आहे पण ज्याने कधी ऐकलंच नाही त्याला काहीतरी भयंकर वाटेल. साधं सांगा. समजा कोणी असं सांगितलं: ‘मी लहानपणापासून चर्चला जायचो पण ते घरच्यांचं होतं, माझं नव्हतं. नोकरी लागल्यावर मला सगळ्यात भीती कशाची असेल तर चूक पकडली जायची, त्यामुळे चूक झाली की लपवायचो नाहीतर दुसऱ्यावर ढकलायचो. मग बायबलमधलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची गोष्ट, स्वतः वाचायला घेतलं, त्यात येशू चुकलेल्या लोकांशी ज्या पद्धतीने वागतो ते वाचून मला रडू आलं, आणि मी त्याला म्हटलं की मलाही माफ कर, इथून पुढे तूच सांभाळ. भीती अजून पूर्ण गेली नाही, पण आता चूक झाली तर मान्य करता येते.’ बस. ना चमत्कार, ना दारू सुटली, तरी ही चांगली साक्ष आहे. कलीग तर ओळखतोच तुम्हाला, तो चूक मान्य करणं रोज बघतोय, त्यामुळे जिथे फुगवाल तिथे लगेच पकडेल.

नाट्यमय काही घडलेलं नसेल तर कमीपणा वाटून घेऊ नका. योहान ९ मधल्या जन्मांध माणसाला येशूने दृष्टी दिल्यावर परूशांनी, म्हणजे तिथल्या धर्मपुढाऱ्यांनी, प्रश्नांवर प्रश्न विचारले, त्याला त्यातलं बरंच माहीत नव्हतं, तो एवढंच म्हणाला की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. कुष्ठरोग झालेल्या नामान सेनापतीच्या घरातली दासी तर अजून लहान, पकडून आणलेली मुलगी, तिचं सगळं मिळून एक वाक्य आहे (२ राजे ५:३), की धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले असते तर बरे झाले असते.

पायरी ७: सुवार्ता म्हणजे काय ते स्वतःला माहीत असू द्या

साक्ष ही तुमची गोष्ट झाली, सुवार्ता ही येशूची. पौल ती १ करिंथकरांस १५:३-४ मध्ये अगदी थोडक्यात देतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. कोणी सरळ विचारलं की तुम्ही लोक नक्की मानता काय, तर असं काहीतरी सांगता आलं पाहिजे: देवाने आपल्याला त्याच्यासोबत राहायला बनवलं, आपण त्याच्याकडे पाठ फिरवली, ती दरी आपण चांगलं वागून भरू शकत नाही, म्हणून देव स्वतः येशूमध्ये माणूस होऊन आला, आपली शिक्षा त्याने घेतली, मेलेल्यातून उठला, आणि जो त्याच्याकडे वळून विश्वास ठेवतो त्याला तो माफ करतो आणि आपलं करतो. मिनिटभराचं आहे. आपल्या भाषेत, आपल्या शब्दात सराव करा, पाठ केल्यासारखं येऊ देऊ नका.

पायरी ८: प्रश्न येतील, सगळ्यांची उत्तरं पाहिजेतच असं नाही

‘सगळे धर्म शेवटी सारखेच ना?’ हा प्रश्न येतोच. वाद न घालता म्हणता येतं की बऱ्याच गोष्टी सारख्या आहेत, प्रामाणिक राहा, गरिबाला मदत करा वगैरे, पण येशू स्वतःबद्दल जे बोलला त्यावर मी अडकलो, तू एकदा वाचून बघ तुला काय वाटतं. ‘देव चांगला आहे तर माझ्यासोबत असं का झालं?’ हा मात्र बऱ्याचदा प्रश्न नसतो, जखम असते, तिथे पायरी ५ वर परत जा. ‘चर्चने इतिहासात काय काय केलं!’ याला बचाव करत बसू नका, १०९५ मध्ये पोपने हाक दिल्यावर सुरू झालेली धर्मयुद्धं, ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी केलेला गुलामांचा व्यापार, हे खरं आहे आणि वाईट होतं असं सरळ म्हणा. ‘तू मला धर्म बदलायला सांगतोयस का?’ यालाही गोलमोल नको. ‘मला जे मिळालं ते तुलाही मिळावं असं मला वाटतं, लपवत नाही, पण निर्णय तुझा, आणि तू नाही म्हणालास तरी आपल्यात काही बदलणार नाही.’ आणि मग खरंच बदलू देऊ नका.

उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणा, आणि बघून सांगा.

दुसऱ्याच्या देवाबद्दल, पूजेबद्दल, उपासाबद्दल एक शब्द वाकडा नको. पौल अथेन्सला मूर्ती बघून आतून अस्वस्थ झाला होता, पण तिथल्या अरीयपग सभेत बोलताना सुरुवात त्यांच्या ‘अज्ञात देवाला’ या वेदीपासून केली आणि त्यांच्याच कवींची ओळ सांगितली (प्रेषितांची कृत्ये १७). इफिसात अर्तमी देवीवरून दंगल व्हायची वेळ आली तेव्हा शहराचा अधिकारी, जो ख्रिस्ती नव्हता, तोच लोकांना म्हणाला की या माणसांनी ना देऊळ लुटलंय ना आपल्या देवीची निंदा केलीय (१९:३७). पौल तिथे दोनेक वर्षं शिकवत होता आणि तरी हे सर्टिफिकेट मिळालं! आपल्याबद्दल ऑफिसमधलं कोणी असं म्हणेल का, हे जरा प्रामाणिकपणे बघा. हे फक्त माझं मत नाही, २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवादाचा विभाग आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून साक्ष कशी द्यावी यावर एक दस्तऐवज काढला, त्यात फसवणूक, जबरदस्ती, आमिष यांना ठाम नकार आहे आणि दुसऱ्या धर्माबद्दल खोटी साक्ष देऊ नका असंही आहे. एरवी बऱ्याच गोष्टींवर एकमत नसलेल्या या तिघांचं इथे मात्र जमलं.

पायरी ९: बोलवा

फिलिप्पाने नथनेलाशी वाद घातला नाही, ‘येऊन बघ’ म्हणाला (योहान १:४६). पण सगळ्यात ऑफिसला लागू पडणारं उदाहरण लेवीचं आहे. जकातनाक्यावर बसायचा, येशूने बोलावलं, आणि याने काय केलं तर घरी मोठी मेजवानी दिली, त्यात त्याच्यासारखेच जकातदार, आणि येशूही (लूक ५:२९). दोन्ही बाजूचे लोक एका टेबलावर, भाषण नाही. तुम्हीही तेच करा, कलीग आणि चर्चमधले एक-दोन नॉर्मल मित्र यांना एकत्र जेवायला बोलवा आणि त्या मित्रांना आधी सांगून ठेवा की प्रवचन नको.

चर्चला बोलवायचं तर नाताळ किंवा ईस्टर सोपं जातं. आधीच सांगा की किती वेळ चालतं, गाणी असतात, मध्ये दानाची पिशवी फिरते तेव्हा पाहुण्याने काही टाकायची गरज नाही, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर बसून राहिलं तरी चालतं, कोणी तुला पुढे बोलावणार नाही. शेवटचं चर्चमध्ये विचारून खात्री करून मगच सांगा, कारण काही पाळकांना नवीन चेहरा दिसला की उभं करायची फार हौस असते.

वाचायला द्यायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान, चारांत ते सगळ्यात छोटं, १६ अध्याय, दोनेक तासात वाचून होतं. त्याच्या मातृभाषेत द्या, संपूर्ण बायबल ७०० पेक्षा जास्त भाषांत आहे, मोबाइलवर फुकट मिळतं. विचारून द्या, डेस्कवर गुपचूप ठेवून जाऊ नका. सोबत वाचायची तयारी दाखवली तर ऑफिसच्या वेळेबाहेर, आठवड्यातून एकदा, एक अध्याय, आणि प्रश्न साधे: काय आवडलं, काय खटकलं, यातला येशू तुला कसा वाटला. शिकवायला बसू नका, त्याला बोलू द्या.

पायरी १०: ‘नको’ आलं तर

थांबा. पुढच्या आठवड्यात नव्या मार्गाने परत सुरू करू नका. श्रीमंत तरुण नाराज होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याच्याकडे प्रेमाने बघितलं होतं, तरी जाऊ दिलं, मागे धावून अटी कमी केल्या नाहीत (मार्क १०). लंचला त्याच टेबलावर बसा, त्याच गप्पा मारा. तुमची मैत्री सुवार्तेसाठीच होती की काय हे त्याला याच आठवड्यात कळणार आहे. मी लावलं, अपुल्लोने (त्याच्या सोबतच्या सेवकाने) पाणी घातलं, वाढवलं देवाने, असं पौल म्हणतो (१ करिंथकरांस ३:६), तुमचं काम कदाचित लावायचंही नसेल, नुसतं जमिनीतले दगड उचलायचं असेल.

तक्रार झाली, एचआरने बोलावलं, तर लगेच ‘माझा छळ होतोय’ म्हणून चर्चमध्ये जाऊ नका. पेत्र ख्रिस्ती म्हणून दुःख सोसण्याबद्दल बोलतो त्याच्या लगेच आधी सांगतो की खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये (१ पेत्र ४:१५). ढवळाढवळ करणारा थेट खुन्याच्या यादीत! शांतपणे ऐका, त्या माणसाला त्रास झाला असेल तर माफी मागा, थांबा, काय बोलणं झालं त्याची स्वतःसाठी नोंद ठेवा. नियमात राहूनही फक्त ख्रिस्ती म्हणून त्रास दिला जात असेल तर मग पाळकांशी आणि कायदा कळणाऱ्या माणसाशी बोला, तेव्हा गप्प बसायची गरज नाही.

आणि ‘हो’ आलं तर?

याची तयारी कोणीच केलेली नसते. कलीग म्हणाला की मला येशूच्या मागे जायचंय, तर पहिलं काम त्याची घाई कमी करणं. त्याच्या घरी काय होईल, जोडीदाराला काय वाटेल, हे त्याने विचारात घेतलंय का ते विचारा, येशूनेच म्हटलंय की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा (लूक १४:२८). त्याच्यासोबत प्रार्थना करा, वाचत राहा, एखाद्या चर्चशी गाठ घालून द्या, ते तुमचंच असायला हवं असं नाही, त्याच्या घराजवळचं, त्याच्या भाषेतलं असेल तर उत्तम. बाप्तिस्म्याचं तो आणि तिथले पाळक ठरवतील, तुम्ही तारीख धरून मागे लागू नका. ऑफिसमध्ये कोणाला सांगायचं, कधी सांगायचं हेही त्याचं त्यानेच ठरवायचं, तुम्ही आनंदाच्या भरात टीममध्ये बोलून बसू नका, आणि रविवारच्या आधीच पाळकांना फोन करून सांगून ठेवा की स्टेजवरून त्याचं नाव आणि कंपनीचं नाव घेऊ नका.